वहीत चुकीचा लिहिलेला अर्थ

दादर,
मंगळवार, दुपार

प्रिय आई,

हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला कळतं. बत्तीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासले मी. पोचपावती नसलेला कागद कधी पुढे सरकवला नाही. तरी आज लिहिते आहे, कारण जे विचारायचंय ते फक्त तुलाच विचारता येईल. येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध आहे, आणि महिनाअखेरीस लालबागची आपली चाळ रिकामी करायची आहे. एकदा गॅलरीतली माणसं चार दिशांना पांगली, की मला जे करायचंय ते कुणासमोर करू?

शनिवारी शुभांगी आली होती. हो, तुझी सून. आधी फोन नाही, काही नाही. दारात उभी, हातात तुझी ती बाजारात न्यायची कापडी पिशवी.

"ताई, खोली आवरतोय. आईंच्या वस्तू आहेत. म्हटलं, तुमच्याकडे असू देत."

वर्षभर आम्ही दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो. अनिल ड्युटी संपवून अधूनमधून चक्कर टाकायचा, तोही बायकोचा विषय काढायचा नाही. आणि आज अचानक पिशवी? मी चहाचं विचारलं, तर म्हणाली, "नको, टेम्पोवाल्याशी बोलायचंय." पाण्याचा घोटही न घेता गेली. माझ्या मनात पाल चुकचुकलीच. नव्या इमारतीच्या कागदांवर माझी सही हवी असणार. आज पिशवी आणली, उद्या कागद आणेल! तू हसशील, पण मी पिशवीच्या तळाशी हात घालून तो कागद शोधला. नव्हता.

होतं काय, तर तुझा दोऱ्याने बांधलेला चष्मा, मिश्रीची डबी, दोन लुगडी आणि हॉस्पिटलची फाईल. फाईलची पानं मी मोजली. मग तुझ्या लुगड्याच्या घडीतून एक पुरचुंडी गडगडत बाहेर आली. हिरवा खण, आत खुळखुळणारा नारळ, एका फटीतून सांडणारे हळदीचे पिवळे तांदूळ, कडुलिंबाच्या वाळक्या काड्या, आणि वरून पांढऱ्या सुताने करकचून बांधलेलं.

आई, मला एकच सुचलं. करणी! दुसरं काय? मी शिकलेली बाई, पोरीबाळींना सांगत फिरणारी की असलं काही नसतं. त्याच मी ती पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या सांडशीत धरून बाल्कनीत नेऊन ठेवली. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, कचरा." पण डोक्यात चक्र सुरू झालं. म्हणजे चटके देऊन भागलं नव्हतं, तर हेही केलं होतं हिने तुझ्यावर!

चटके. हा शब्द मी वर्षभर मनात घोळवला. कुठून आला तो, हे तुला माहीत आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. क्लेमची फाईल मी मधूनच कधी वाचली नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझी रविवारची लालबागची फेरी तीन आठवडे चुकली. रोज फोन मात्र करत होते. तू एकच बोलायचीस, "माका काय होतला? बरी आसंय मी. तू जावयबापूंचे डोळे सांभाळ." त्याच्याही आधी महिनाभर तू म्हणत होतीस की अंगाला खाज सुटते. मी काय म्हटलं? "साबण बदल, खोबरेल लाव." तुझ्या खाजेला मी एवढंच उत्तर दिलं, आणि ते आठवलं की आजही मान खाली जाते.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी भर दुपारी, मी न कळवता आले. न कळवता का, ते तुला ठाऊक आहे. ऑफिसात मला 'शंका मॅडम' उगाच म्हणत नसत. तपासणीला जायचं ते न सांगता, ही माझी जुनी खोड.

जिना चढतानाच काहीतरी खटकलं. दुपारी साडेबाराला आपल्या गॅलरीत प्रत्येक दारातून फोडणीचा खमंग वास येतो, पण आपल्या दारातून येत नव्हता. दुसरं म्हणजे, शुभांगी दुपारी शेजारपाजारची चार पोरं सांभाळायची, त्यांचा कालवा जिन्यापर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी एकही पोर नव्हतं. साक्षीदार नकोत, असंच आलं माझ्या मनात, आई. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच आलं.

तू कोपऱ्यात, जुन्या साडीच्या आडोशाला पडून होतीस. समोर ताटली. मऊ भात आणि वरण. वरणावर तेलाचा थेंब नाही, मोहरीचा दाणा नाही. बाजूला मासळीचा तुकडासुद्धा नाही! बुधवार असो की गुरुवार, वासाला तरी सुकट पाहिजे म्हणणारी तू, आणि हे आजाऱ्याचं जेवण? मी पांघरूण बाजूला केलं. तुझ्या मांड्यांवर, दंडांच्या आतल्या बाजूला, पोटावर टचटचीत पाण्याने भरलेले फोड. सुपारीएवढे. एक तर लिंबाएवढा. काही फुटून लालभडक झाले होते, त्यांना चादर चिकटली होती.

"हे काय झालं?"

शुभांगीने तोंड उघडायच्या आधीच तू बोललीस. "गरम पाणी सांडला गो आंगावर. कित्याक बोंबलतंस?"

आणि त्या क्षणी शुभांगीने चमकून तुझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पकडली. चोर सापडला, असं मला वाटलं. सून काहीतरी लपवते आहे आणि सासू भीतीने तिला पाठीशी घालते आहे! अशा शेकडो फाईली पाहिल्या होत्या मी. सांडलेलं पाणी ओघळत खाली जातं, मग असे सुटे सुटे, गोल फोड कसे येतील? मांडीलाही आणि दंडालाही? म्हणजे पाणी खोटं. म्हणजे उलथनं. एकेक पायरी चढत मी तिथे पोचले, आणि मला माझ्या हुशारीचा अभिमानही वाटला, आई. खोटं कशाला बोलू?

मग मी गॅलरीत येऊन जे बोलले, ते तू आतून ऐकलंसच. "जिवंत बाईला चटके देतेस? उपाशी मारतेस?" अख्खा मजला दारात आला, खालच्या मजल्यावरची माणसं माना वर करून बघायला लागली. शेजारच्या तावडेकाकूंनी तोंडाला पदर लावला. शुभांगी भिंतीला टेकून उभी होती आणि एवढंच म्हणाली, "ताई, आधी टॅक्सी बघा." निगरगट्ट आहे, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

हॉस्पिटलात तपासणाऱ्या डॉक्टरने केसपेपरवर भराभर लिहिलं. उलटा कागद वाचायची कला मला नोकरीने शिकवली आहे. लिहिलं होतं, 'मल्टिपल टेन्स बुली'. बुली! माझ्याकडे एक वही आहे, तू पाहिली होतीस ती, निळ्या पुठ्ठ्याची. फाईलीत अडलेला प्रत्येक डॉक्टरी शब्द मी तिच्यात लिहायची आणि पुढे अर्थ. 'बुली'पुढे मी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, 'भाजल्याचे फोड'. कारण भाजल्याच्या क्लेममध्येच तो शब्द मला भेटायचा. स्टोव्ह, कुकर, गरम तेल, आणि खाली बुली. मी डॉक्टरला म्हटलं, "तुम्ही स्वतःच लिहिलंय. हे भाजलंय. आणि हिने भाजलंय." बोट शुभांगीकडे.

घरचं माणूस असं सांगतं म्हटल्यावर त्यांनी नियमाने पोलीस केस नोंदवली. संध्याकाळी हवालदार आला. वॉर्डाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्याने तिला विचारलं.

"वहिनी, फोड आपोआप येतात का?"

"मला माहीत नाही कशाने आले. मी काही केलं नाही."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मग तीन आठवडे कुणाला सांगितलं का नाही?"

शुभांगी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याने तीनदा विचारलं आणि ती तीनही वेळा गप्प राहिली. आई, तुझा पलंग तिथून चार पावलांवर होता. तुला ताप होता, पण तू शुद्धीत होतीस. तू डोळे मिटून घेतलेस. ते झोपेने की आणखी कशाने, हे वर्षभर मी स्वतःला विचारते आहे.

तिसऱ्या दिवशी कातडीच्या आजारांची डॉक्टर आली. कोवळी पोर, माझ्या मुलीच्या वयाची. तिने तुझ्या दंडाचा छोटा तुकडा तपासायला घेतला आणि मला बाजूला बोलावलं.

"काकू, तुम्ही भाजलंय असं का म्हणताय?"

"केसपेपरवर बुली लिहिलंय ना! बत्तीस वर्षं क्लेमचे कागद वाचलेत मी."

"हो, पण भाजलेल्यांचेच ना?" ती म्हणाली. मग शांतपणे समजावलं. "बुला म्हणजे फक्त मोठा, पाण्याने भरलेला फोड. राईच्या दाण्याएवढा असला की आम्ही व्हेसिकल लिहितो. मोठा असला की बुला, आणि अनेक असले की बुली. भाजल्यावर येतो, नवीन चप्पल लागली तरी येतो. किडा चावून येतो, एखादं औषध सोसलं नाही तर येतो, कधी आजारानेही येतो. हा शब्द फक्त फोड कसा दिसतो ते सांगतो. कशाने आला, ते आम्हाला वेगळं शोधावं लागतं."

मला ते पटलं का? छे! पोरगी शिकाऊ आहे, असं मी मनात म्हटलं. आठव्या दिवशी रिपोर्ट आला. आजाराचं नाव लांबलचक, बुलस पेम्फिगॉइड. म्हातारपणी होतो म्हणे. अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच उलटून स्वतःच्या कातडीवर उठते, आधी खाज सुटते, मग फोड येतात. आई, आधी खाज सुटते! लागण होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण तुझे फोड उघडे पडून चिघळले होते आणि विष रक्तात उतरलं होतं. अकराव्या दिवशी तू गेलीस.

पोलिसांचा कागद मिटला. माझा नाही मिटला. रिपोर्ट काय, बदलतोही, असं मी ह्यांना म्हटलं. ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले. आणि पुढे पुढे रिपोर्ट मान्य केला तरी एक प्रश्न उरायचाच. आजार तर आजार, पण तीन आठवडे मला कळवलं का नाही? उपाशी का ठेवलं? पोरांना घरी का पाठवलं? निष्पाप माणूस तोंडाला कुलूप लावून बसतं का? तुझ्या तेराव्याला मी शुभांगीच्या हातचा घास घेतला नाही. पान वाढलेलं तसंच ठेवून उठले, सगळ्यांदेखत.

आता काल सकाळचं सांगते.

कचऱ्याची गाडी यायची वेळ झाली, तेव्हा ती पुरचुंडी टाकून द्यायची असं ठरवलं. पण आत काय आहे ते न बघता टाकेन तर ती मी कसली? डाव्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, चष्मा लावला आणि सुताची गाठ सोडवायला गेले. सुटेना. नख लावलं, सुई लावली, सुटेना. शेवटी ती गाठ उजेडात धरली.

मुगाएवढी गाठ. दोन्ही टोकं आत गडप. आई, मी हातातली सुई खाली ठेवली.

ती गाठ जगात एकच बाई मारायची. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तू एकोणीस वर्षं तुटलेलं सूत जोडलंस. अंगठा, तर्जनी, एक झटका, की गाठ तयार. चालत्या मशीनवर अडकणार नाही एवढी बारीक, आणि कितीही ओढली तरी न सुटणारी. घरीही तू प्रत्येक गोष्ट तशीच बांधायचीस. माझ्या वेण्यांच्या रिबिनी, डब्याचं फडकं, दप्तराचा तुटलेला बंद. शाळेत माझी रिबीन रोज बाईंना कात्रीने कापावी लागायची, आणि पोरी हसायच्या! मी कितीदा शिकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शुभांगीला तर साधी पिशवी बांधता येत नाही, तिच्या सगळ्या गाठी अर्ध्या वाटेत सुटतात. तूच नाही का म्हणायचीस, "हिच्या हातात गाठ म्हणून नाय"?

म्हणजे ही पुरचुंडी तू बांधली होतीस.

मग बाकीचं एकेक करून माझ्यासमोर येऊन बसलं. हिरवा खण, नारळ, हळदीचे तांदूळ. ही तर ओटी! देवीची ओटी. अंगावर फोड आले म्हणजे देवी आली, आणि ती निघून गेली की भरायची, म्हणून आधीच बांधून ठेवलेली. कडुलिंबही तिच्यासाठीच. आणि घरात देवी आली की चूल तापवायची, पण फोडणी द्यायची नाही. तळण नाही, मासळी नाही. तेल कडकडलं की देवीच्या अंगाची आग होते. परक्याची पोरं घरात येऊ द्यायची नाहीत. आई, मला हे माहीत होतं! मी सात वर्षांची असताना मला कांजिण्या आल्या, तेव्हा लालबागच्या त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात तू मला कडुलिंबाच्या पाल्यावर नऊ दिवस निजवलं होतंस. नऊ दिवस बिनफोडणीचं वरण मी रडत रडत गिळलं होतं. शाळेत चिठ्ठी पाठवलीस, ताप आहे म्हणून. चाळीत कुणाला सांगितलं नाहीस. मी विचारलं, का नाही सांगायचं? तेव्हा तू पांडूमामाची गोष्ट सांगितलीस. तू लहान होतीस, तुझ्या धाकट्या भावाला देवी आल्या होत्या, आजीने त्याला माळ्यावर लपवला होता. शेजारच्या कुणीतरी चुगली केली. मुन्शिपालटीची गाडी आली, त्याला उचलून नेलं. आजी अनवाणी गाडीमागे धावली. पांडू परत आला नाही.

"सांगला की नेतत," तू म्हणाली होतीस. हे मी विसरले. बत्तीस वर्षांच्या फाईली लक्षात ठेवल्या आणि हे विसरले.

काल दुपारी मी लालबागला गेले. या वेळीही न कळवताच, पण या वेळी तपासणीला नाही. निम्म्या दारांना कुलपं लागली आहेत. आपल्या खोलीत खोकी पसरलेली. पोरांची ती रंगीत चटई गुंडाळून दोरीने बांधली होती, आणि तिची गाठ सुटलेली होती. मला बघून शुभांगी उभी राहिली. मी पिशवीतून पुरचुंडी काढून तिच्यासमोर धरली.

"ही आईने बांधली?"

तिने एक स्टूल रिकामं करून पुढे सरकवलं. मग म्हणाली, "बसा ताई."

आई, तिने जे सांगितलं ते तू नाकारू शकत नाहीस. पहिला फोड आला तेव्हाच तू तिला म्हणालीस की देवी इली. तिने म्हटलं, आई, देवी आता कुठे असतात, डॉक्टरकडे चला. तू भांडलीस. ती तुला न विचारता नाक्यावरच्या डॉक्टरला घरी घेऊन आली, तर तू आतून कडी लावलीस. अनिल ड्युटीवरून आला की तू पांघरूण गळ्यापर्यंत ओढून 'नुसती खाज आसा' म्हणायचीस. मला फोन करते म्हणाली, तेव्हा तू तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. "सुनंदाक सांगशीत तर माझ्या गळ्याची आण. ती माका हास्पिटलात घालतली."

"पण गरम पाणी?" मी विचारलं.

"ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं ताई. आईंना त्या क्षणी तेवढंच सुचलं असेल. देवी म्हटलं तर तुम्ही हसला असतात ना त्यांना."

"मग हवालदाराला का नाही सांगितलंस? मला तरी? आई गेल्यावर तरी?"

ती खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिली. "आण होती. आणि हॉस्पिटलात बोलले असते, तर तुम्ही आईंवर ओरडला असतात. त्यांचे शेवटचे दिवस होते. म्हटलं, माझ्यावर ओरडा."

आई, मी खोक्याची झाकणं दाबून धरली, तिला पट्टी नीट लावता यावी म्हणून.

पट्टी लावून झाल्यावर मी विचारलं, "मग आता पिशवी का आणलीस?"

"बोलायचं नाही, अशी आण होती. पिशवी द्यायची नाही, अशी नव्हती." आणि पहिल्यांदा किंचित हसली. "गाठ बघून तुम्हाला कळेल असं वाटलं. तुम्ही सगळं बघता ना."

चटईकडे माझं लक्ष गेलेलं तिने पाहिलं. पोरं त्या दिवसानंतर परत आलीच नाहीत, असं ती म्हणाली. चारही घरांनी दुसरीकडे सोय केली. कोण पाठवेल अशा बाईकडे? तावडेकाकूंनी संक्रांतीला तिळगूळ दिला, पण दारातूनच. हे सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही, आणि मला ते जास्त लागलं. मी त्या गॅलरीत दोन मिनिटं बोलले होते. तिने ते वर्षभर भोगलं, आणि तुझ्या आणेचं अनिललाही कळू दिलं नाही.

आता मला तुझ्यावर रागवू दे. मेलेल्यावर रागवू नये म्हणतात, पण मी तुझीच मुलगी आहे, न रागावता मला पत्र लिहिता येत नाही. का केलंस गं असं? मी तुला पांडूमामासारखं उचलून नेलं असतं का? सात वर्षांची असताना मी नऊ दिवस तुझं ऐकलं, एक दिवस तूही माझं ऐकलं असतंस तर? हवालदार तिला विचारत होता, तेव्हा डोळे उघडून एक वाक्य बोलली असतीस तर? ज्या सुनेने तुझे फोड पुसले, तिला तू तशीच उभी राहू दिलीस! आणि एक शंका अजून आहेच, स्वभावाला औषध नाही. माझी नोकरी काय होती हे तुला पक्कं ठाऊक होतं. गरम पाणी म्हटल्यावर मी कुठवर जाईन, हे तुला खरंच कळलं नव्हतं? की कळलं होतं, आणि देवीपेक्षा ते बरं वाटलं? शुभांगी म्हणते, तसं नव्हतं. मी तिचं ऐकायचं ठरवलं आहे. तिचं एकदा तरी ऐकायला हवं.

माझाही दोष आहेच. तू मला सांगायला घाबरलीस, कारण मी ऐकून घेण्याआधी तपासते. संशय मला तुझ्याकडूनच आला असेल, तू मुन्शिपालटीवर घेतलास, मी सगळ्यांवर घेतला. पण तुला पांडूमामा तरी होता. माझ्याकडे काय होतं? एक निळी वही, आणि तिच्यात माझ्याच हाताने लिहिलेला चुकीचा अर्थ.

ती वही मी आज सकाळी काढली. 'बुली'पुढचं 'भाजल्याचे फोड' खोडलं. खाली लिहिलं, 'बुला : कातडीवरचा मोठा, पाणी भरलेला फोड. अनेक असल्यास बुली. कशाने आला ते घरच्यांना विचारावे. नीट विचारावे.' आता ती वही कोण वाचणार? पण चूक तशीच ठेवून मला जेवण गेलं नसतं.

तर आई, रविवारी मी येते आहे. चाळीतली बहुतेक माणसं अजून आहेत, तावडेकाकू आहेत, ती चार घरंही आहेत, मी अनिलकडून विचारून घेतलं. तुझं पान ठेवून झालं की मी गॅलरीत जाईन. शुभांगी नको म्हणेल. "जाऊ दे ताई, आता काय त्याचं," असं काल म्हणालीच. तिचं याबाबतीत ऐकणार नाही. त्या दिवशी जिथे उभी होते, तिथेच उभी राहीन, आणि सगळ्यांना सांगेन की मी खोटं बोलले होते, हिने माझ्या आईला एक ओरखडा काढला नाही, माझ्या आईची आण पाळली आणि माझी जीभ सोसली. हळू आवाजात सांगणार नाही. तळमजल्यावरच्यांनी त्या दिवशी माना वर केल्या होत्या, रविवारीही करायला लागतील एवढ्या आवाजात सांगेन.

मग आत येईन, शुभांगीने फोडणी दिलेलं वरण तिच्याच हातून वाढून घेईन, आणि जेवून मगच उठेन. संध्याकाळी आम्ही दोघी नवा नारळ घेऊन देवीच्या देवळात जाऊ आणि तुझी राहिलेली ओटी भरू. खण तुझाच. तुझी गाठ मात्र मी कापणार नाही. शुभांगी म्हणते, तिला सोडवता येईल. बघू, करून बघू दे तिला.

तुझी,
सुनंदा